धक्का कोणी सोसायचा? : एका जुन्या वेगवान मोटारीची हकीकत

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन मोटारीवर बोलावे, आणि तेही हौशी धनिकांच्या वेगवान मोटारीवर, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमच्यापाशी मोटार नाही. चालवता येते, पण बेताचीच. तरीही या विषयात आम्ही पडलो त्याला एक मिस्त्री कारण झाले. काही वर्षांपूर्वी त्यांच्या गॅरेजात एक जुनी जॅग्वार ई-टाइप दुरुस्तीला आली. गाडीबरोबर मालकाने परदेशातून मागवलेल्या सुट्या भागांचे एक मोठे खोके आले, आणि गाडीच्या मूळ कारखान्याचे जाडजूड इंग्रजी पुस्तकही आले. मिस्त्रींचा हात सोन्याचा, पण इंग्रजीशी त्यांचे फारसे जमत नाही. ते म्हणाले, "भाऊ, रविवारी येत चला. तुम्ही वाचा, मी ऐकतो." असे सात-आठ रविवार गेले. आज जे सांगणार आहोत ते त्या रविवारांतून जमलेले आहे.

त्या खोक्यात काय होते? ताठ प्लास्टिकचे, म्हणजे पॉलीयुरेथेनचे, बुश होते. मुळापेक्षा आखूड स्प्रिंगा होत्या. जाड केलेल्या पोलादी दांड्या होत्या, आणि कमीजास्त करता येणारे शॉकअॅब्सॉर्बर होते. मालक तरुण आणि सज्जन होता. त्याचे म्हणणे असे की, गाडी साठीला आली आहे, रस्त्यावर डुलते, खडखडते. तेव्हा जुने मऊ ते सगळे काढा आणि नवे मजबूत बसवा. ऐकणाऱ्याला हे रास्तच वाटते. मिस्त्रींना मात्र ते पटेना, आणि का पटत नाही हे त्यांना सांगताही येईना. उत्तर शेवटी इतिहासात सापडले.

तो इतिहास टांग्यापासून सुरू करावा लागतो. बैलगाडीचा आस थेट साटीला बांधलेला असतो. चाकाला बसलेला प्रत्येक दणका बसणाऱ्याच्या मणक्यात जातो. टांग्याला मात्र खाली पोलादी पाटे असतात. एकावर एक रचलेल्या या पट्ट्या दणका बसला की वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. पाट्याचा एक गुण फार थोड्यांच्या ध्यानात येतो. वाकताना त्याच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात, आणि त्या घासण्यात दणक्याचा काही भाग जिरून जातो. पाटा धक्का झेलतो आणि थोडा पचवतोही. गुंडाळलेल्या तारेची स्प्रिंग तसे करत नाही. ती झेललेला धक्का जवळपास सगळा परत करते, म्हणून नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ झुलत राहते. हे झुलणे मारण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये त्रुफो आणि अमेरिकेत हार्टफर्ड यांनी घासणाऱ्या चकत्यांचे शॉकअॅब्सॉर्बर केले. पुढे तेल आले. दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो, तेल तापते, आणि दणक्याची ताकद उष्णता होऊन हवेत जाते. शॉकअॅब्सॉर्बर हा मराठी गॅरेजात 'शॉकअप' झाला आहे. तो धक्का झेलतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. खरे पाहता झेलण्याचे काम स्प्रिंगचे. शॉकअपचे काम झेललेले जिरवण्याचे. आमच्या गोष्टीत हा भेद पुन्हा येणार आहे.

आता कॉव्हेंट्रीला जाऊ. इंग्लंडच्या मध्यभागातले हे शहर आधी सायकलींचे आणि मग मोटारींचे. १९४० च्या नोव्हेंबरात जर्मन बाँबफेकीने त्याची राखरांगोळी झाली. विल्यम लायन्स या गृहस्थाने १९२२ मध्ये ब्लॅकपूल येथे एका भागीदारासह मोटारसायकलींचे साइडकार बनवायला सुरुवात केली होती. १९२८ मध्ये तो कारखाना कॉव्हेंट्रीला आला, आणि त्यातूनच जॅग्वार जन्मली. त्यांच्या डी-टाइप या शर्यतीच्या मोटारीने १९५५, १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ तीन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. शर्यतीतली ही विद्या रस्त्यावरच्या गाडीत उतरवावी, असे कारखान्याच्या मनात होते. १५ मार्च १९६१ रोजी जिनीव्हात ई-टाइप लोकांपुढे आली. बघ्यांची इतकी झुंबड उडाली की गाडी अपुरी पडली; नॉर्मन ड्यूइस हे कारखान्याचे परीक्षक-चालक दुसरी गाडी घेऊन कॉव्हेंट्रीहून रातोरात जिनीव्हाला धावले. ताशी १५० मैल वेगाचा बोलबाला झाला. लांबलचक नाक आणि आखूड शेपूट यांचे कौतुक झाले. त्या आकाराचे श्रेय माल्कम सेयर यांचे, आणि ते मूळचे विमानांच्या क्षेत्रातले.

आकारावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला गाडीखाली शिरायचे आहे.

जॅग्वारच्या आधीच्या वेगवान गाडीला, एक्सके १५० ला, मागे अखंड आस होता आणि तो पाट्यांवर बसवलेला होता. अखंड आसाचा दोष असा की, मधले दातेरी चाकांचे जड पेटारे, ज्याला गॅरेजात डिफरन्शियल म्हणतात, ते चाकांबरोबर वरखाली होते. एवढे वजन उसळल्यावर ते पुन्हा रस्त्यावर टेकायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ चाकाची रस्त्यावरची पकड सुटते. यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल गाडीच्या अंगाला पक्के करायचे आणि दोन्ही चाकांना स्वतंत्र हालू द्यायचे. हे काम बॉब नाइट या अभियंत्याकडे आले. लायन्सनी त्यांच्याशी पाच पौंडांची पैज लावली की महिन्याभरात अशी रचना उभी होणार नाही, आणि नाइट यांनी ती सत्तावीस दिवसांत उभी केली, अशी गोष्ट सांगतात. पैजेचे आम्हांला विशेष वाटत नाही. मालक मंडळी असल्या पैजा नेहमीच लावतात, आणि रात्री जागायच्या त्या दुसऱ्यांनीच. विशेष आहे ते नाइट यांनी काय केले त्यात.

डिफरन्शियल गाडीच्या अंगाला पक्के केले की नवी अडचण उभी राहते. ई-टाइपचे मागचे शरीर पत्रे एकमेकांना जोडून केलेले. खाली वेगळी चौकट नाही. असे शरीर म्हणजे एक मोठा ढोल. दातेरी चाकांची घरघर आणि रस्त्याची खरखर थेट पत्र्यावर आली की आत बसलेल्याचे कान किटतात. नाइट यांनी डिफरन्शियल, ब्रेकच्या चकत्या, चारही स्प्रिंगा आणि शॉकअप असे सगळे एका पोलादी पिंजऱ्यात बसवले, आणि तो पिंजरा गाडीला चार ठिकाणी जाड रबराच्या ठोकळ्यांवर टांगला. प्रत्येक ठोकळ्यात रबर धातूच्या पत्र्यांना चिकटवलेले असते. मागची चाके पुढे-मागे सरकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना एकेक लांब हात पुढे जाऊन गाडीच्या तळाला अडकतो. त्याच्या पुढच्या टोकालाही रबराचा मोठा बुश आहे. ब्रेकच्या चकत्या चाकाजवळ न ठेवता आत डिफरन्शियलला लगटून ठेवल्या, म्हणजे चाकाबरोबर उसळणारे वजन आणखी घटले. चाकाला फिरवणारी दांडीच वरच्या हाताचे काम करते. इंजिनाची ताकद चाकाला पोचवणे आणि चाक उभे धरून ठेवणे अशी दोन कामे एकाच दांडीवर. आमच्या कारखान्यात असे झाले असते तर आम्ही दोन पगार मागितले असते.

ही रचना इतकी पक्की निघाली की, फेरफार होत होत ती जॅग्वारच्या वेगवेगळ्या गाड्यांखाली १९९६ पर्यंत टिकली. १९६६ मध्ये जॅग्वार दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँडमध्ये गेली, पुढे फोर्डकडे आणि २००८ मध्ये आपल्या टाटा मोटर्सकडे आली. मालक बदलले तरी नाइट यांचा पिंजरा कितीतरी वर्षे चालत राहिला. ई-टाइप १९७५ पर्यंत विकली गेली, एकूण ७२,००० हून अधिक. आजही त्यांचे सुटे भाग बनतात आणि मिळतात, ते या मोठ्या संख्येमुळेच. मात्र एक फसगत होते. जॅग्वारच्या मोठ्या गाड्यांचा पिंजरा दिसायला अगदी तसाच, पण रुंदीला जास्त. भंगारातून स्वस्तात उचललेला पिंजरा ई-टाइपखाली सरळ बसत नाही.

पहिल्या रविवारी आम्ही हे वाचत असताना मिस्त्री गाडीखाली होते. चारांपैकी दोन ठोकळ्यांत रबर धातूपासून सुटले होते. ते तेलाने बरबटलेही होते. तेल कोठून आले? आत ठेवलेल्या ब्रेकच्या चकत्या तापतात, त्या उष्णतेने डिफरन्शियलची तेल अडवणारी सीले कडक होतात, मग तेल झिरपते. ते आधी ब्रेकवर येते आणि रबरापर्यंतही जाते, आणि रबराला तेलासारखा दुसरा वैरी नाही. म्हणजे गाडी डुलते याचे कारण "रबर मऊ आहे" हे नव्हतेच. रबर तुटले होते, आणि तुटण्याचे मूळ सीलात होते. सील न बदलता दुसरा कोणताही ठोकळा बसवला असता तरी काही वर्षांत हीच पाळी आली असती.

येथे आम्हांला आमच्या उमेदीतली एक गोष्ट आठवली. १९९० च्या सुमारास आम्ही एका कारखान्यात प्रेसखात्यात होतो. एका मोठ्या प्रेसखाली रबराच्या गाद्या होत्या, त्या झिजल्या. खरेदी करणाऱ्या साहेबांनी विचार केला की दर पाच-सहा वर्षांनी गाद्यांचा खर्च कशाला, एकदाच लोखंडी पत्रे घालू. पत्रे घातले. प्रेसला काही झाले नाही. प्रेस खूशच होता. दोन महिन्यांत शेजारच्या खात्यातल्या ग्राइंडरवर निघणाऱ्या मालाला रेघा दिसू लागल्या. ग्राइंडरवरच्या कामगाराला कारणे दाखवा नोटीस मिळाली: कामात हयगय. माणूस वीस वर्षांचा जुना, हात बारीक कामाचा. युनियनतर्फे आम्ही चौकशीत उभे राहिलो आणि एकच मागणी केली, की साहेबांनी एका रात्रपाळीत ग्राइंडरजवळ उभे राहावे आणि अर्धा तास प्रेस बंद ठेवावा. प्रेस थांबला आणि रेघा गेल्या. प्रेस सुरू झाला आणि रेघा आल्या. नोटीस मागे घेतली गेली. गाद्या यायला मात्र आणखी तीन महिने लागले. धक्का कोठेतरी जाणारच होता. गादी होती तोवर तो गादीत जात होता, गादी काढल्यावर जमिनीतून शेजाऱ्याच्या कामात गेला, आणि ठपका त्या शेजाऱ्यावर आला.

मिस्त्रींना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, "हेच! हेच मला म्हणायचं होतं."

मग खोक्यातली एकेक वस्तू हाती घेऊन तिचा धक्का कोठे जातो, हे आम्ही तपासत गेलो.

पॉलीयुरेथेनचा बुश रबराहून ताठ आणि तेलाला दाद न देणारा. त्याचे गुण आम्ही नाकारीत नाही. शर्यतीच्या रिंगणात चाकाची रेघ बोटभरही हलू नये म्हणून तो योग्यच. पण धातूला चिकटवलेले रबर पिळले जाऊन हालचाल देते. त्याला वंगण लागत नाही आणि आवाज होत नाही. ताठ बुश पिळला न जाता जागच्या जागी फिरतो. त्याला ग्रीस लागते, ते सुकले की तो किरकिरतो. आणि मुख्य म्हणजे जो धक्का रबर गिळत होते तो आता गाडीच्या तळाच्या पत्र्यावर जातो, आणि तेथे साठ वर्षांचा गंज बसलेला असतो. लांब हाताच्या पुढच्या बुशात तर रबरात मुद्दाम पोकळी ठेवलेली आहे, आणि ती कोणत्या दिशेला यावी हे पुस्तकात सांगितले आहे. एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला ताठ असा तो बुश नाइट यांच्या मंडळींनी विचारपूर्वक केला आहे. चारी बाजूंनी सारखा ताठ बुश घातला की तो सगळा विचार पुसला जातो.

पुढच्या चाकांना गुंडाळलेली स्प्रिंग नाही. लांब पोलादी दांडी आहे. चाक वर गेले की दांडी पिळली जाते. ही युक्ती पोर्शे यांनी १९३१ मध्ये पेटंट केली, सित्रोएन कंपनीने १९३४ च्या गाडीत वापरली, आणि जॅग्वारने १९४८ पासून. खोक्यातल्या दांड्या मूळ दांड्यांहून जाड होत्या. थोड्याच जाड, डोळ्याला फरक जाणवेना. पण पिळल्या जाणाऱ्या दांडीचा हिशेब फसवा आहे. तिचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातावर वाढतो. जाडी दहा टक्के वाढवली तर ताठरपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. आम्ही हे कागदावर मांडून दाखवले तेव्हा मालकाने ते दोनदा तपासून पाहिले. ई-टाइपचे पुढचे इंजिन आणि चाके ज्या सांगाड्यावर आहेत तो बारीक चौकोनी पोकळ नळ्यांचा आहे. नळ्या आतून गंजतात आणि बाहेरून रंग छान दिसतो. ४६ टक्क्यांचा हा जास्तीचा मार त्यांनी घ्यायचा. जुन्या दांड्या तपासल्या तर धडधाकट निघाल्या. चांगल्या पोलादाची दांडी रबरासारखी म्हातारी होत नाही. तिच्यावर ओरखडा नसेल, गंजाचा खड्डा नसेल, तर ती बदलण्याचे कारण नाही. मात्र डावी-उजवी अदलाबदल करायची नाही, कारण प्रत्येक दांडीला एका बाजूच्या पिळाची सवय लावलेली असते. गाडी पुढून खाली बसली होती ती दांडीमुळे नव्हे. पूर्वीच्या कोणा दुरुस्तीत दांडी चुकीच्या दातावर बसवली गेली होती. शॉकअपच्या जागी ठरीव लांबीची पट्टी लावून दांडी बसवायची, म्हणजे उंची बरोबर येते. या पट्टीचे माप पुस्तकात दिलेले आहे. मिस्त्रींनी ती पट्टी दुपारच्या चहाआधी कापून, भोके पाडून तयार केली. या दुरुस्तीला खर्च लोखंडाच्या एका तुकड्याचा आला.

आखूड स्प्रिंगांबद्दल मिस्त्रींनीच निकाल दिला. मागे चाक फिरवणारी दांडीच वरचा हात आहे. गाडी खाली बसवली की त्या दांडीचा कोन बदलतो आणि चाके वरच्या बाजूला आत झुकतात. टायर आतल्या कडेने झिजतो. शिवाय खाली वाव कमी राहतो, आणि आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक कोणाची गय करीत नाहीत. चाकाचा झुकाव येथे चकतीजवळ पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालून साधतात, पण फिरणाऱ्या दांडीच्या सांध्यांत खेळ असेल तर हे माप घेण्यात अर्थ नाही. त्या सांध्यांत खेळ होताच. ज्या दांडीवर दोन कामे आहेत तिचा सांधा झिजला की दोन्ही कामे बिघडतात, हे सांगायला कामगार पुढारी लागत नाही.

खोक्यातली एकच वस्तू आम्ही मनापासून स्वीकारली, ती म्हणजे शॉकअप. ते हॉलंडच्या कोनी कंपनीचे होते. हा कारखाना मुळात घोड्यांच्या साजाचा, एकोणिसाव्या शतकातला. घोडे गेले तसा तो मोटारींकडे वळला, आणि टांग्यापासून निघालेली आमची गोष्ट अशी वळसा घेऊन पुन्हा घोड्यापाशी येते. जुने गर्लिंगचे शॉकअप पार रिकामे झाले होते. हाताने दाबले तर विरोधच नाही. शॉकअप हा झिजण्यासाठीच असतो, तो बदलायलाच हवा, आणि मागचे चारही एकदम बदलायला हवेत, कारण प्रत्येक बाजूला दोन दोन मिळून एक काम करतात. कोनीची जुनी जात गाडीवरून उतरवून, पूर्ण दाबून, पिळून ताठ करता येते. ही सोय झीज भरून काढण्यासाठी आहे. मालकाला पहिल्याच दिवशी ते पुरते ताठ हवे होते. मिस्त्रींनी ते सर्वांत मऊ ठेवले आणि सांगितले, "साहेब, पाच-सात वर्षांनी या, तेव्हा अर्धा फेरा देऊ."

राहता राहिले रबर, आणि येथेच खरी अडचण आहे. मूळ कारखान्याच्या जातीचे म्हणून जे विकले जाते त्यात चांगले-वाईट सर्व आहे. काही ठोकळ्यांचे रबर वर्षभरात भेगाळते. "जुने ते चांगले" म्हणून डोळे मिटून मूळ जातीचा भाग घ्यावा असेही म्हणता येत नाही. दुकानात दहा वर्षे पडून असलेला, कधी न वापरलेला अस्सल ठोकळा हाही म्हातारा असतो. हवेने रबर कडक होते, गाडी चालो न चालो. मिस्त्रींनी तीन ठिकाणचे ठोकळे मागवले, प्रत्येक शिकंज्यात पिळून धातू आणि रबर यांच्या सांध्याकडे भिंग लावून पाहिले, नखाने दाबले, आणि दोन परत पाठवले. मालकाला हा वेळकाढूपणा वाटला. त्याने एकदा जरा चढ्या आवाजात विचारलेही, की ताठ बुश तर आलेले आहेत, मग एवढी यातायात कशासाठी? आम्ही त्याला गाडीखाली नेले आणि लांब हात जेथे तळाला अडकतो तेथल्या पत्र्यावर हातोडीची मूठ हलकेच टेकवली. जो आवाज आला तो ऐकून त्याने वाद सोडला. तो पत्रा आधी कापून नवा घालावा लागला. त्याचा खर्च खोक्यातल्या सगळ्या मालापेक्षा जास्त आला. पत्रा गेला तर ई-टाइपला दुसरा सांगाडा नाही. बुश मात्र पुन्हा मिळतो.

शेवटच्या रविवारी पुढचे बुश बसवायचे होते. पुस्तकात एक वाक्य होते, ते आम्ही दोनदा वाचले: गाडी चाकांवर उभी असताना, तिचे नेहमीचे वजन आले असतानाच बुशाचे बोल्ट शेवटचे आवळावेत. लटकत्या अवस्थेत आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बहुतेक गॅरेजांत घाईपायी हे होते. मिस्त्रींनी गाडी जॅकवरून उतरवली, मालकाला चालकाच्या जागी बसवले आणि शेजारी आम्हांला बसायला सांगितले, वजन भरायला. मग ते पाना घेऊन खाली सरकले. वीस मिनिटे आम्ही दोघे गुपचूप बसून होतो. एकेक बोल्ट आवळल्याचा आवाज पायाखालून येत होता. ताठ बुशांचे खोके अजून गॅरेजातल्या फळीवर आहे.